साखरेची बोरमाळ

साखरेचा दाणा भिंगाखाली धरून पाहिला, तर तो एखाद्या जवाहिऱ्याने पैलू पाडल्यासारखा रेखीव दिसतो. सपाट बाजू, धारदार कडा, ठरलेले कोन. आणि तरीही ज्याला साखरेचे रत्न घडवायचे आहे, त्याला सर्वप्रथम हा रेखीवपणा मोडावा लागतो. साखर पाण्यात विरघळवायची, आचेवर ते पाणी आटवायचे आणि पाक इतक्या वरच्या उष्णतेला न्यायचा, की निवताना त्यातल्या कणांना पुन्हा रांगेत उभे राहायला सवडच मिळू नये. मग हाती येते ती साखरेची काच. खरे माणिक स्फटिक असते. साखरेचे माणिक मात्र स्फटिक होऊ दिले नाही तरच माणकासारखे दिसते. एक कण जरी जागा झाला, तरी तो शेजारच्याला उठवतो आणि पाहता पाहता सगळा पाक पांढरा पडतो.

गेली २२ वर्षे मी वसईत लग्नाचे केक करीत आहे. केकवर साखरेची रत्ने बसवण्याचे काम त्यातल्या अलीकडच्या वर्षांतले. घरोघरच्या स्त्रियांना एकतारी, दोनतारी आणि गोळीबंद पाक ठाऊक असतो. त्याच्या पुढचा चिक्कीचा पाकही बहुतेकींच्या हातचा. रत्नांचा पाक त्याच वाटेवरचा, साधारण १५० अंश सेल्सिअसच्या घरातला. त्याचा थेंब गार पाण्यात टाकला, तर तो काढून मोडताना काचेसारखा आवाज होतो. पातेल्याच्या कडेला उडालेला शिंतोडा सुकून त्याची कणी झाली आणि ती पुन्हा पाकात पडली, तर सगळ्या मेहनतीवर पाणी पडते. म्हणून ओल्या कुंचल्याने कड सारखी पुसून घ्यावी लागते आणि एकदा उकळी फुटली की डाव पाकात घालायचा नाही. लिंबाच्या रसाचे चार थेंब टाकतात तेही याचसाठी. आंबटपणाने साखरेचा काही भाग फुटतो, त्याच्या दोन वेगळ्या साखरा होतात आणि या परक्या पाहुण्यांमुळे उरलेल्या साखरेला कणी धरता येत नाही. परंतु ही मदत फुकटची नव्हे. त्या दोन साखरांपैकी एक हवेतले पाणी अधाशासारखी ओढून घेते. चकाकी मिळते, टिकाऊपणा जातो.

म्हणून हल्ली हिऱ्यांसाठी आणि नीलमण्यांसाठी आम्ही आयसोमाल्ट वापरतो. तो साखरेपासूनच करतात. जर्मनीत त्याचा शोध लागला. त्याला साखरेच्या निम्मी गोडी, ओल शोषण्याची खोड बरीच कमी आणि कितीही तापवला तरी तो लवकर पिवळा पडत नाही. वितळवून घेतला की त्यातले बुडबुडे वर येऊन फुटेपर्यंत पातेले स्वस्थ ठेवायचे. घाई केली, तर प्रत्येक हिऱ्याच्या पोटात एक एक बुडबुडा कायमचा अडकतो. मग बारीक धारेने सिलिकोनच्या साच्यांत ओतायचा. पाव तासाने साचा उलटा वाकवला की खडे टपटप खाली पडतात. उघड्या बोटाने त्यांना शिवायचे नाही. बोटाचा ठसा उमटतो आणि जात नाही. आयसोमाल्टचे खडे मूठभर खाल्ले, तर पोट बिघडते, हेही गिऱ्हाइकाला सांगावे लागते. मी सांगते. हसतात आणि तरी लहान मुलांच्या हाती देतात.

केकवर चिकटवण्याचे प्लास्टिकचे हिरे आणि मोत्यांचे सर बाजारात ढिगाने मिळतात. स्वस्तही पडतात. मला ते पाहवत नाहीत. ज्या वस्तूवर सुरी फिरणार आणि जी तोंडात जाणार, तिच्यावर थुंकून टाकावे लागेल असे काही असूच नये, असे माझे मत आहे आणि ते मी बदललेले नाही. यापायी कामे गेली. ‘एवढ्याशा साखरेचे एवढे पैसे?’ हा प्रश्न तर ठरलेला. साखरेचे घेत नाही, रात्रीचे घेते, असे मी म्हणते. मग काही जण ऐकतात, काही जण प्लास्टिककडे जातात.

हे सगळे परदेशातून आलेले खूळ आहे, असे आमच्याकडची वडीलधारी मंडळी म्हणतात. साचे परदेशी असतील, पण साच्यांची सवय आपल्याला जुनी आहे. माझ्या लहानपणी नाताळच्या आठवड्यात काजूचा वाटलेला गोळा, साखर आणि गुलाबपाणी घालून घोटला जाई आणि तो तांबड्या रबराच्या साच्यांत अंगठ्याने दाबून आई फुले, पाने आणि शिंपले काढीत असे. साच्याला आधी तुपाचा हात. तो हात किती हलका असावा हे तिने मला शब्दांनी कधी सांगितले नाही. आज सिलिकोनचा साचा उलटा करताना माझा अंगठा जिथे टेकतो, ती जागा तिचीच आहे.

आणि साखर हा शब्द तरी कुठला? संस्कृतात शर्करा म्हणजे मुळात वाळूचा, दगडाचा बारीक खडा. उसाच्या रसाचा असा खडा करण्याची विद्या या देशात जुनी, म्हणून दगडाचेच नाव त्या गोड खड्याला मिळाले. तो शब्द फारसीत गेला, अरबीत ‘सुक्कर’ झाला, पोर्तुगीजांच्या तोंडी ‘आसुकार’ झाला. आपल्या खंडशर्करेतल्या ‘खंडा’चे इंग्रजीत कँडी झाले. रत्नाला आणि साखरेला एकच शब्द, खडा. अंगठीतला तोही खडा, देवळातल्या प्रसादातला तोही खडाच. भाषेने ही जोडी आमच्या कितीतरी आधी लावून ठेवली आहे.

युरोपात साखर दुर्मीळ होती तेव्हा ती जवाहिरासारखीच मिरवली जाई. १५५५ साली व्हेनिसमध्ये आलेस्सिओ पिएमोंतेसे या नावाने गुपितांचे एक पुस्तक छापले गेले. त्यात कतिरा डिंक आणि साखर मळून ताटल्या, पेले, फळे कशी घडवावीत आणि जेवण झाल्यावर तीच कशी मोडून खावीत, याची कृती दिली आहे. वसईत त्या वेळी पोर्तुगीजांचा अंमल सुरू होऊन पुरती २१ वर्षे झाली होती. पुढे १५७४ साली फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री व्हेनिसला आला, तेव्हा मेजवानीच्या मेजावरचे हातरुमालसुद्धा साखरेचे होते आणि राजाने उचलताच तो हातात मोडला, अशी हकिकत सांगतात. गंमत वाटते. परंतु ती साखर मदेरा आणि ब्राझीलच्या मळ्यांतून येत होती आणि त्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबत होते. आजही बीड जिल्ह्यातून उसाच्या फडांवर जाणाऱ्या नवराबायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. दोन माणसांचे मिळून एक हत्यार मोजले जाते. त्यांतल्या कित्येक बायांनी गर्भाशये काढून टाकल्याची बातमी २०१९ साली वर्तमानपत्रांत आली, तेव्हा मी एका केकसाठी माणके ओतीत होते. ओतणे थांबवले नाही; काम दिलेले होते. पण पांढऱ्या साखरेला स्वच्छ म्हणताना तेव्हापासून जीभ अडखळते.

साखरेचा दागिना मी पहिल्यांदा पाहिला तो मात्र केकवर नव्हे. नोकरीच्या सुरुवातीची दोन वर्षे मी दादरला एका कुटुंबात राहात असे. घरच्या काकू संक्रांतीआधी महिनाभर हलव्याचे दागिने करीत. पहाटेच्या थंडीत मंद निखाऱ्यांच्या शेगडीवर परात, परातीत खसखस किंवा साबुदाणा आणि शेजारी पाकाचे भांडे. चमचाभर पाक टाकायचा आणि तो सुकेपर्यंत दाणे बोटांच्या पेरांनी हळूहळू फिरवत राहायचे. पुन्हा चमचाभर. असे तासन्‌तास, कधी दोन-दोन, तीन-तीन दिवस. त्यांची बोटे भाजून लाल झालेली असत. हळूहळू प्रत्येक दाण्याच्या अंगावर पांढरे काटे उभे राहत. ‘काटा थंडीने येतो, आपण फक्त त्याच्या आड यायचे नाही,’ असे त्या म्हणत. मग ते दाणे ओवून हार, बाजूबंद, कंबरपट्टा, मुकुट. पहिल्या संक्रांतीला काळी साडी नेसलेल्या नव्या सुनेसाठी आणि बोरन्हाणाच्या बाळासाठी. बाळ त्यातले बाजूबंद चोखूनच संपवी.

त्या काटेरी हाराचा अर्थ मला फार उशिरा उमगला. काकू जे करीत ते माझ्या कामाच्या बरोबर उलटे होते. मी कणाला जागे होऊ देत नाही. त्या त्याला उठवून, थर थर चढवून मोठा करीत. हलव्याचा काटा म्हणजे साखरेच्या कणांचीच उभी वाढ. माझा दागिना पारदर्शक आणि घटकेचा, त्यांचा अपारदर्शक आणि महिनोन्‌महिने टिकणारा. एकाच साखरेची ही दोन शीले आहेत.

गेल्या मे महिन्यात भावाच्या मुलीचे लग्न होते. आपल्याकडे नाताळनंतर उपवासकाळ लागेपर्यंत आणि पुन्हा ईस्टरनंतर पाऊस पडेपर्यंत लग्नांची दाटी असते. त्यातला मे हा साखरेचा वैरी. समुद्राकडून येणारी हवा इतकी ओली, की सकाळी केलेला खडा दुपारी घामेजतो. फ्रीजमध्ये ठेवावा, तर बाहेर काढताच त्याच्यावर दव धरते आणि चकाकी गेलीच. केकच्या लोण्याच्या आयसिंगवर बसवला, तर खालूनही ओल. म्हणून रत्ने ओल ओढणाऱ्या पुड्यांसह घट्ट डब्यात ठेवायची, बसवायच्या जागी पांढऱ्या चॉकलेटचा पातळ हात द्यायचा आणि केक सभागृहात पोहोचल्यावर, अगदी शेवटच्या तासात ती लावायची.

भाची म्हणाली, “आत्या, मला हिरे नकोत. आजीची बोरमाळ कर.”

आईची बोरमाळ आम्ही भावंडांनी पाहिली ती फक्त तिच्या लग्नाच्या फोटोत. काळा-पांढरा फोटो, कडेने पिवळा पडलेला. वाडीतली सगळी केळी एका वादळात आडवी झाली, तेव्हा कर्ज फेडायला ती विकली गेली. त्या वेळी मी पाळण्यात होते. ‘चार तोळ्यांची होती,’ हे वाक्य मात्र आमच्या घरात दागिन्यासारखे जपले गेले. आजोबांनी लेकीला चार तोळे घातले. वडिलांनीही ते अभिमानाने सांगितले आणि आता भाऊ सांगतो.

फोटोत समोरचे २१ मणी मोजता येत होते, बाकीचे मानेमागे. मी आईला विचारले. ती आता ८३ वर्षांची आहे. डोळे मिटून म्हणाली, “चौपन्न. एक भात झोडताना खळ्यात पडला, मग त्रेपन्न.” मण्याचा आकार तिने बोटांनी दाखवला, मधोमध फुगीर, दोन्ही टोकांना निमुळता, खऱ्या बोरासारखा. मागे तांबडा गोंडा.

या माळेसाठी मी आयसोमाल्ट घेतला नाही. सोन्याचा रंग बाटलीतून घालणे मला पटेना, वर्ख तर नकोच. साध्या साखरेचा पाक १६० अंशांच्या वर चढला की तो आधी गवताच्या रंगाचा होतो, मग मधासारखा, मग क्षणभर नेमका जुन्या सोन्यासारखा. त्याच क्षणी पातेल्याचा तळ गार पाण्यात टेकवायचा. एका श्वासाचा उशीर झाला तर तांबे होते. लग्नाच्या आदल्या रात्री मी अर्ध्या बोरांच्या साच्यांत तो पाक ओतला. असे दागिने फुटतात म्हणून नेहमीच थोडे जास्त करायचे. मी ६२ मण्यांपुरते केले. मग दोन अर्धुके घेऊन त्यांच्या सपाट बाजू स्पिरिटच्या दिव्यावर क्षणभर धरायच्या आणि जुळवायच्या.

आई समोर खुर्चीवर बसून पाहात होती. दहा-बारा मणी झाल्यावर तिने हात पुढे केला. मी एक तिच्या तळहातावर ठेवला. तिने तो वर-खाली हलवून पाहिला.

“बाय, हा आतूनपण साखरच?”

“हो, भरीव आहे.”

“मग माझ्यापेक्षा बरा,” ती म्हणाली. “माझे आत लाख होते.”

आणि मग तिने जे सांगितले ते पन्नासहून अधिक वर्षे तिने कोणालाच सांगितले नव्हते. माळ विकायला ती एकटीच सोनाराच्या पेढीवर गेली होती, कारण वडील तापाने पडले होते. सोनाराने मणी तोडून मुशीत घातले आणि तिच्यादेखत आच दिली. आधी धूर झाला, मग आतली लाख फसफसून जळू लागली. “तो वास अजून नाकातून गेला नाही,” ती म्हणाली. लाख जाऊन जे उरले ते तिने तराजूत पाहिले. दीड तोळासुद्धा भरले नाही. सोनार शांतपणे म्हणाला, बाई, बोरमाळ अशीच असते, पत्र्याच्या दोन वाट्या आणि पोटात लाख. भरीव कोण करतो? हे तो सोनार जाणत होता, माळ घडवणारा जाणत होता. अंगावर घालणारीला मात्र कोणी कधी सांगितले नव्हते.

कर्जाची रक्कम चार तोळ्यांच्या हिशेबाने ठरलेली. सासरी परत जाऊन दीड तोळा सांगावा, तर आपल्या बापाने फसवले असा बोल आयुष्यभर त्याच्या नावाला चिकटणार. आईने कानातली कर्णफुले उतरवली, हातातल्या पाटल्या काढल्या आणि तूट भरली. घरी सांगितले, पाटल्या आणि कर्णफुले माहेरी धाकटीच्या लग्नासाठी दिली. माहेरी सांगितले, ती सासरी कर्जात गेली. दोन्ही घरांत थोडा राग झाला. तो तिने सोसला.

आजोबांनी फसवले होते का? मला तसे वाटत नाही. त्यांनाही कोणी वजनच सांगितले असेल, मणी लाखेसकट तोलून. किंवा कारागिराची रीत ते जाणत असतील आणि लेकीने माळ कधी मोडेल असे त्यांच्या मनातही आले नसेल. लाख भरण्यात लबाडी नाही. तिच्यामुळेच पातळ पत्र्याचा मणी चेपत नाही. आईचाही राग आजोबांवर नव्हता. तिला सलत होते ते वेगळेच. “मी नऊ वर्षे मिरवली,” ती म्हणाली, “आणि काय मिरवतेय ते मला माहीत नव्हते.”

मी विचारले, हे लिहू का? ती म्हणाली, “लिही. ज्यांच्यापासून लपवायचे ते सगळे गेले.” मग पुढचा मणी दिव्यावर धरताना तिनेच अर्धुके माझ्या हाती द्यायला सुरुवात केली. तिचा हात कापतो, पण मोजणीत ती चुकली नाही. त्रेपन्नावर थांबली. “चौपन्नावा लावायचा का?” मी विचारले. “नको, तो खळ्यात आहे.”

दुसऱ्या संध्याकाळी तीन मजल्यांच्या पांढऱ्या केकच्या मधल्या मजल्यावर मी ती माळ लावली. आयसिंगचा तांबडा गोंडा मागे सोडला. दिव्यांच्या उजेडात मणी आतून उजळले. सोने असे उजळत नाही, ते वरूनच चमकते. भावाने माईक घेतला आणि पाहुण्यांना सांगितले, की ही आमच्या आईची चार तोळ्यांची बोरमाळ. टाळ्या झाल्या. आई पहिल्या रांगेत होती. तिने माझ्याकडे पाहिले नाही. केक कापल्यावर तिने वाढणाऱ्या मुलाकडे खुणेने एक मणी मागितला. भाऊ धावला, तिला मधुमेह आहे. तोवर तिने तो दाढेखाली धरून कडकन फोडला होता. शेजारच्या बाईने दचकून वळून पाहिले.

बाकीचे मणी कोणाकोणाच्या बशीत गेले, ते मी पाहिले नाही; मुलांनी केक सोडून तेच पळवले असे नंतर कळले. घरी डब्यात जादाचे नऊ उरले होते. जूनच्या पहिल्या पावसात ते एकमेकांना चिकटून त्यांचा एकच खडा झाला. तो मी बत्त्याने फोडला आणि कस्टर्डात घातला.